हरकतींसाठी तीस दिवस

चुलीच्या बरोब्बर मधून गेली रेघ.
नकाशावर ती निळी होती, तुटक,
एकास चार हजार प्रमाणात;
म्हणजे पेन्सिलीचं टोक जरा बोथट असलं
तरी चार माणसं झोपतील एवढी जागा
भरतीरेषेखाली जाते.

मी उपनगर जिल्ह्याच्या कचेरीतला भूकरमापक,
बूट हातात, खाडीकडच्या पाड्यात,
चांगुणा किणीच्या ओट्यावर.
म्हटलं, मावशी, तुमचं स्वयंपाकघर
ना-विकास क्षेत्रात येतं.
विकास कसला, ती म्हणाली, पत्रा बदलायचाय.
गळतो.

मी कलम वाचून दाखवलं.
पत्र्याला परवानगी लागते असं त्यात नाही,
लागत नाही असंही नाही.

सुकट निवडता निवडता तिनं विचारलं,
कुठच्या तिथीला मोजलंत पाणी?
मी तारीख सांगितली.
तिनं बोटांवर मागं मागं जात गाठली:
अष्टमी. भांगाचं पाणी ते.
भांगाला समुद्र जातो कुणाच्या दारात?
उधाणाला यायचं.

मग घरामागं नेलं मला, तिवरांत.
चिपीच्या खोडावर सुकलेल्या चिखलाचा पट्टा,
तिच्या कमरेएवढा.
त्याच उंचीवर नजर धरून सरळ बघत गेलं
की पलीकडे सव्वीस मजले,
खाली गाड्यांचं तळघर, दारात कारंजं.
नकाशावर तिथं रेघ
अदबीनं वळली आहे,
कंपाउंडला अंग न लावता
पुन्हा खाडीत उतरली आहे.

कुणी वळवली, असं तिनं विचारलं नाही.
माझी उत्तरं तयार होती:
उपग्रह, परगावची संस्था, मंजूर आराखडा.
ती तशीच राहिली खिशात,
घडी न मोडता.

हरकतींसाठी तीस दिवस, मी म्हणालो.
नोटीस इंग्रजीत, कचेरीतल्या फळ्यावर,
फळा जिन्याखाली.
तीस दिवसांत पाणी किती वेळा चढतं?
साठ वेळा. दिवसाला दोनदा.
साठ नाही रे. रोज पाऊण तास उशीर करतं ते.
अठ्ठावन्न.

पौर्णिमेला पुन्हा गेलो.
रजेच्या अर्जात लिहिलं, घरगुती काम.
भरदुपारी पाणी आलं,
ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर टेकलं,
एक चिंबोरीचं पिल्लू आत सोडलं.
तिकडे इमारतीचा रखवालदार
तळघराच्या उतारावर वाळूच्या गोणी रचत होता,
वर बघत, कुणी बघतंय का ते बघत.
चांगुणानं पिठाचा डबा उंच फळीवर सरकवला,
म्हणाली,
हरकत घ्यायला आलंय. घे लिहून.

माझ्याकडे आवक क्रमांक नव्हता.

सोमवारी अभिप्रायाच्या रकान्यात
(तो दोनच ओळींचा आहे)
मी लिहिलं: निरीक्षण भांगाच्या दिवशी झाले.
उधाणास फेरमोजणी व्हावी.
पेन्सिलीनं लिहिलं.
शाई माझ्या हुद्द्याला नाही.

साहेबांनी चष्मा वर केला.
भांग? होळीला वेळ आहे अजून.
सगळं टेबल हसलं, मीही थोडा,
आणि साहेबांनी खोडरबर माझ्याकडे सरकवला.

तो तिथंच आहे, फायलीशेजारी,
एका कोपऱ्यानं झिजलेला.
पत्रा गळत असणार.
मी बोटांवर मोजतो हल्ली, जेवणाच्या सुट्टीत,
पाऊण तासाचा उशीर धरून.

आज बावन्नावी.