पोकळ झाडांची नोंद

दलसू म्हाताऱ्याची कान लावायची जागा ठरलेली आहे:
पीनामूच्या ओंडक्यावर, वरून चार बोटं खाली,
जिथं लाकूड गुळगुळीत झालंय
चाळीस हिवाळ्यांच्या कानशिलानं.
आधी बोटाच्या पेरानं टकटक.
मग थांबायचं.
आतून ‘हूं’ आलं,
झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखं,
की पेंढ्याची टोपी सारखी करून
पुढच्या ओंडक्याकडे.

असे एकोणतीस होते उतारावर.
फटींना शेणमाती, पाठ उत्तरेच्या वाऱ्याला.
आत सातेरीसारखी बारीक, काळसर माशी,
या डोंगरांइतकीच इथली.
मध वर्षातून एकदाच,
तोही पहिलं दहिवर गोठल्यावर.
अर्धा काढायचा, अर्धा ठेवायचा.
सुरी बायकोच्या हातात असायची,
म्हणून अर्ध्याहून कमीच निघायचा.

मग ते वर्ष आलं.
अळ्या घरातल्या घरात पाण्याच्या पिशव्या झाल्या.
माश्या त्यांना ओढून उंबऱ्याबाहेर टाकत राहिल्या,
दिवसभर.
मग टाकणाऱ्याही कमी झाल्या.
मक्याला तुरा यायच्या आत
उतार गप्प.
पीनामूचं लाकूड हलकं, चटकन पेटतं.
गोड वास तीन दिवस अंगणातून हलला नाही.
बायकोनं तीन दिवस खिडकी उघडली नाही.

आज वनखात्याची सोल्मी आलीय,
लाल रंगाचा डबा, फीत, वही घेऊन.
गावाचं सामाईक रान;
कुणाला किती मोळ्या,
हे अजून पणजोबांच्या यादीवरून ठरतं.
वीस वर्षांनी विरळणी.
सरळ पाइन राहणार, दाटी करणारे जाणार,
आणि वाकड्या, पोकळ झाडांपुढे
ती लिहिते: निरुपयोगी.

दलसू तिच्या मागून चालतो.
प्रत्येक पोकळ झाडाशी थांबतो,
टकटक करतो.
तिला वाटतं, वय झालंय.
सातव्या झाडाशी ती विचारतेच,
“आजोबा, आत कोण राहतं?”
“बघतोय.”
बाराव्यावर अस्वलाच्या नख्यांचे ओरखडे, जुने.
तेराव्यात घुबड. रागावलेलं.
चौदाव्याशी तो नुसता उभा राहतो,
मग बोटानं तिला बोलावतो.

ती हातमोजा काढते. कान लावते.
वारा असेल, म्हणते.
तो काही बोलत नाही.
तिच्या डोक्यावर वीतभर अंतरावर एक चीर,
आणि चिरेच्या काठाला मेण,
करंगळीच्या नखाएवढं,
नवं, पिवळं.

“मध काढणार?”
“या वर्षी नाही.”
चार पावलं गेल्यावर,
“पुढच्याही नाही.”

संध्याकाळी, जीपमध्ये दिवा लावून,
ती चौदा नंबरपुढचं निरुपयोगी खोडते.
छापील पर्याय तीनच:
ठेवा. तोडा. निरुपयोगी.
‘ठेवा’वर पेन थोडं थांबतं.
ते सरळ झाडांसाठी आहे.
मग समासात, बारीक अक्षरात, लिहिते:
आधी दार वाजवावे.
आणि पान उलटून
एक ते तेरा पुन्हा वाचायला घेते.