पाऊण किलो

नवतपाचा चौथा दिवस.
दिघोरीतल्या आमच्या लेआउटात दुपारी दोनला
कावळासुद्धा पाण्याच्या टाकीआड उभा राहतो
चोच उघडी टाकून.

एकतीस वर्षं कोराडीला बॉयलरवर काढली मी.
एका युनिटाला साधारण पाऊण किलो कोळसा.
कुणी विचारत नाही, तरी सांगतो.
लग्नात सांगितलं, तेराव्याला सांगितलं,
नातीच्या बारशाला सुरुवात केली तर
सून म्हणाली, बाबा, आज नको.

पण शेंद्रे वकिलांच्या एसीचं ढुंगण
आमच्या गल्लीकडे आहे,
आणि नेमकं त्याच्याखाली
दुर्योधन कनोजियाचा इस्त्रीचा ठेला.
वर वकीलसाहेब अठरावर झोपतात,
खाली याच्या पाठीवर दुसरी इस्त्री फिरते.
"काका," तो म्हणाला, "हे मशीन काय करते माहीत आहे का?
घरातली गरमी गोळा करते
अन् शेजाऱ्याच्या दारात फेकून देते.
कचऱ्यावानी."
आमच्या चीफ इंजिनिअरनं
एवढं सोपं कधी सांगितलं नाही.

मीटिंग घेतली. गच्चीवर, रात्री नऊला,
स्लॅब तेव्हाही पोळत होता.
मी पाऊण किलो म्हणालो, दोघांनी जांभई दिली.
विषय निघाला तो पार्किंगचा,
कोपऱ्यातला कडुनिंब आडवा येतो म्हणून.
गजभिये म्हणाले, आधी अमेरिकेला सांगा ना भाऊ.
त्यांचंही खोटं नाही.

वच्छला ढोके काहीच बोलल्या नाहीत.
शाळेत विज्ञान शिकवतात, बोलून दमल्या असतील.
रविवारी त्यांनी आपल्या अर्ध्या गच्चीवर
डिंक कालवून चुना फासला,
अर्धी तशीच काळी ठेवली,
आणि भर दुपारी सगळ्यांना वर बोलावलं.
"चपला खालीच काढा," म्हणाल्या.

वकीलसाहेब काळ्या अर्ध्यावर दोन पावलं चालले
आणि पांढऱ्या अर्ध्यावर उडी मारून आले,
धोतर नव्हतं म्हणून सुटलेलं दिसलं नाही.
ठराव तिथंच पास झाला.
कुणाला हात वर करावा लागला नाही.

जन्मभर ऐकत आलो, सरकार चुना लावते,
ठेकेदार चुना लावतो.
यंदा आम्हीच कुंचे घेतले.
बावीसपैकी आठ गच्च्या झाल्या.
गजभियेंची राहिली. दोन घरांना भाडेकरू,
त्यांना मालकाची परवानगी मिळेना.
कडुनिंबाच्या बुंध्याला पोरांनी पांढरा पट्टा मारला,
आता त्याच्यावर कुऱ्हाड घालायची म्हणजे
आठ घरांशी भांडण.
वकीलसाहेबांनी मशीन स्वखर्चानं वर चढवलं.
अठराचे सव्वीस केले म्हणतात.
मी बघायला गेलो नाही.

जूनची बिलं मात्र मी दारोदार मागितली.
मागच्या जूनपेक्षा तीनशे दहा युनिट कमी, आठ घरांत मिळून.
म्हणजे दोनशे बत्तीस किलो, वर थोडा चुरा.
मला ठाऊक आहे, आमची मिल एवढा कोळसा
तळहातावर तंबाखू मळून होईस्तोवर गिळायची.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
पहिल्यांदाच एक आकडा पोटात ठेवला.

पूर्वी संध्याकाळी घरी यायचो
तेव्हा पापण्यांवर राख असायची,
बायको ओल्या फडक्यानं पुसायची.
आता ती नाही, आणि पापण्यांवर चुना आहे.
हवा साफ असली की गच्चीवरून, उत्तरेला,
चिमणीचा धूर दिसतो. अजून माझ्या ओळखीचा वाटतो.

परवा दुर्योधन शर्ट द्यायला वर आला.
पांढऱ्या गच्चीवर अनवाणी उभा राहिला थोडा वेळ,
कोळशानं काळी झालेली बोटं
एकमेकांवर घासत.
"काका, माझी इस्त्री दिवसाला किती जाळत असेल?
तिचाही हिशेब मांडता का?"

मी म्हटलं,
तुझं शेवटी बघू, बाप्पा.
आधी माझं फिटू दे.