पायी तीन मिनिटं

हॉटेलच्या पुस्तिकेत छापलंय:
आदिलशहाचा राजवाडा, पायी तीन मिनिटं.
चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या, पायी सात.
फोंतेन्यशची निळी-पिवळी घरं, बारा,
वाटेत सावली आहे.

मला त्या राजवाड्यापर्यंत पोचायला
बावीस वर्षं रोज दीड तास लागायचा.
अस्नोड्याहून बस, बेतीला फेरीबोट,
धक्क्यावर उतरताना चपलेत शिरणारं मांडवीचं पाणी,
आणि मग तो जिना, ज्याची सहावी पायरी
सगळ्या कारकुनांना पायाने पाठ होती.

ही खोली सुविधाने घेऊन दिली,
आमच्या लग्नाला चाळीस झाली म्हणून.
"बाबा, भाडं विचारायचं नाही."
जन्मभर लोकांची प्रवासबिलं तपासलेल्या माणसाला
हे सांगते.

चौथा मजला. पडदा बटणाने सरकतो.
सरकला, आणि समोर तोच तो, कौलं शाकारलेला.
डावीकडून पाचवी खिडकी माझी. आवक-जावक.
तिथून मी इकडे बघत असे
पगाराच्या आदल्या दिवशी, जेवणानंतर, फाइल उघडी ठेवून.
इकडे तेव्हा बैठं गोदाम होतं, कौलांचं,
आणि एक बदाम, पत्र्यावर फळं टाकणारा.
म्हणजे आता जिथे माझी उशी आहे
ती तेव्हा नुसती हवा होती, घारींची.
मी बावीस वर्षं या उशीकडे बघत होतो.

प्रशिला न्हाणीघरातल्या टबाच्या काठावर बसून आली.
आत नाही बसली.
माझा हातरुमाल धुतला आणि
पितळी दिव्याच्या मानेवर वाळत घातला.
पणजी तिने कामाशिवाय कधी पाहिलीच नव्हती.
तिची पणजी म्हणजे सासूच्या डोळ्यांचं ऑपरेशन,
रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव,
मार्केटात सुक्या सुंगटांचा भाव करून
साडेपाचची बस.

संध्याकाळी गेलो. खरंच तीन मिनिटं.
पहारेकरी म्हणाला, आत काम चाललंय, उद्या या.
बाजूला एक गाइड छत्री उंच धरून
सुलतान सांगत होता, व्हाइसरॉय सांगत होता,
समोरच्या पुतळ्याचे हात, संमोहन, सगळं.
कारकुनांपर्यंत काही आला नाही.
त्याला घाई होती, त्यांची बोट सातची.

"डबा कुठे खायचास?" प्रशिलाने विचारलं.
मी दाखवलं. ती खिडकी, तिच्या आतलं टेबल,
टेबलाचा तो कोपरा, जिथे शाई सांडलेली नव्हती.
ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, "म्हणजे माझी भाजी इथपर्यंत यायची."

रात्री कसिनोच्या बोटी पेटल्या,
नदी लाल, मग जांभळी, मग पुन्हा लाल.
आम्ही पडदा लावला. पुन्हा उघडला.
बटण होतं म्हणून.

पहाटे पोदेराचा भोंगा.
मी हॉटेलच्या पांढऱ्या सपातांत खाली पळालो,
चार पोये घेतले, गरम, कोंडा लागलेले.
दारावरचा आग्नेल, मेरशीचा पोर, म्हणाला,
"अंकल, बाहेरचं खाणं वर न्यायला मनाई आहे."
मी एक पोयो त्याच्या हातात दिला.
तो आभाळाकडे बघत राहिला.

चादरीवर बसून खाल्ले. कोंडा सांडला.
प्रशिलाने तो तळहातावर गोळा केला आणि
टाकायचा कुठे, म्हणून
मुठीतच धरून बसली.

निघताना अभिप्रायाचा कागद दिला त्यांनी.
मी चष्मा लावला. लिहिलं:
राजवाड्याचं अंतर पुस्तिकेप्रमाणे. जागेवर जाऊन तपासलं.
सहावी पायरी पाहता आली नाही.
खाली सही, तारीख.
आवक क्रमांकासाठी वर उजवीकडे
सवयीने जागा सोडली.