तिथीची पाऊणपट

एकतीस वर्षांत कुमुदला मी समुद्र दाखवला नाही.
तिचा तिच्याकडे होता, देवगडचा.
त्याच्याबद्दल ती बोलत नसे,
मीही विचारलं नाही.

पौषातल्या संकष्टीला, उजाडायच्या आत
शियाबागेतून निघालो.
पादऱ्याला टेम्पोत वांगी भरत होते.
पुढे धुकं, मग एक पाटी: डबका.
ती हसली. गाव आलं तेव्हा पुन्हा हसली.
"समुद्र दाखवतो म्हणालात
आणि आणलंत कुठे, तर डबक्यात."

कोतरांमधून वनखात्यानं पायवाट आखलीय.
थोड्या थोड्या अंतरावर पक्ष्यांच्या पाट्या,
एकीवरचा रोहित उन्हानं विटून
बगळाच झालेला.
पीलूची झुडपं, गांडा बावळ,
मातीत कोल्ह्याची पावलं
आणि त्यांच्यावरून गेलेलं सायकलचं चाक.
पुढे मेलाभाई पढियार,
मागे वळून न बघता बोलणारे.

मग कोतर संपते, आणि समोर
मही म्हणा, खाडी म्हणा,
राखाडी, ओला, चकाकणारा चिखल
पलीकडच्या काठाच्या रेघेपर्यंत.
लाट नाही. फेस नाही. माड तर नाहीच.
कुमुद कमरेवर हात ठेवून उभी राहिली.
"ह्यो खंयचो समुद्र?"

तिची ती बोली मी दोनदाच ऐकलीय,
एकदा बाळंतपणात,
एकदा तिचे बाबा गेले तेव्हा, फोनवर.

चिखलात निवट्या उड्या मारत होत्या.
त्या तिनं लांबूनच ओळखल्या,
मला आधी दिसल्याच नाहीत.
मग बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत म्हणाली,
"आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन.
भरती तीनला. आत्ता काही पाणी यायचं नाही."
आणि चपला काढून खाली उतरली.

मेलाभाईंनी काठी आडवी धरली.
"बेन, तीन तुमच्याकडे. इथं नऊ.
दरियाला आमच्यापर्यंत यायला उशीर होतो."

आधी आवाज आला,
लांब कुणी सुपात ज्वारी पाखडावी तसा.
मग पक्षी उठले, तुतवार, चिखले,
सगळे एकदम वळले की पांढरे,
पुन्हा वळले की नाहीतच.
मग एक रेघ. गुडघाभर उंच, मातकट,
नदीत, नदीच्या उलट दिशेनं.

कुमुदचा डावा पाय घोट्यापर्यंत रुतलेला.
एक हात मी धरला, एक मेलाभाईंनी,
ओढली तेव्हा चिखलानं
मोठा, अगदीच अशोभनीय आवाज केला
आणि ती माझ्या अंगावर हसत पडली.
चपला मात्र गेल्या. दोन्ही,
जोडीनं, वासदच्या बाजूला.

तासाभरात सगळं भरलं.
मघाचा चिखल आता कुठेच नव्हता,
तिवराची खालची पानं पाण्यात.
मी वाट बघत होतो, ती काहीतरी बोलेल.
"रंग वाईट आहे," ती म्हणाली.
बऱ्याच वेळानं, "वास तोच."

परतताना मी सेव-उसळ खाल्ली,
तिचा उपास, तिनं चहा घेतला, अनवाणी,
घोट्यावर वाळलेली राखाडी पट्टी.
मुंजमहुड्याच्या पुलाखाली
विश्वामित्रीच्या काठावर मगर उन्हाला पडली होती.
"हिला ठाऊक असेल का,
पाणी पुढे कुठे जातं ते?"
मी म्हटलं, तिला कशाला हवंय.
हे उत्तर चुकलं, हे मला अटलादऱ्यापासूनच्या
रिक्षांच्या गर्दीत कळायला हवं होतं,
कळलं घरी पोचल्यावर.

रात्री गच्चीवर आम्ही चंद्राची वाट बघत होतो.
पाण्याच्या टाकीला उत्तरायणातला पतंग अडकलेला,
मांजा कुठेतरी वाऱ्यानं गुणगुणत होता.
कॅलेंडरवर चंद्रोदय नऊ एकोणीस.
उगवला तो लालसर, फर्टिलायझरच्या धुरातून,
एका बाजूनं थोडा झिजलेला.
तिनं अक्षता वाहिल्या, हात जोडले,
मग जोडलेले हात सोडवून
पेरांवर अंगठा ठेवला.
"तीन," म्हणाली.
आणि एकेक पेर पुढे सरकत,
"चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ."

मोदकाची ताटली माझ्याकडे सरकवली.
"भरलं असेल आता डबकं."