पाचवी पायरी

यादी टाइप केलेली, तीन प्रतींत.
खुर्च्या सहा. आरसा एक, कोपऱ्यात तडा.
सूपचे चमचे अकरा.
सार्जंट क्रॅबट्रीनं खाली सही ठोकली
आणि ब्रेमरहाफेनमधलं ते घर
चमच्यांसकट, तड्यासकट
अर्डिसचं झालं.
साल एकोणपन्नास, नोव्हेंबर.
वय चौदा. शाळा सातवी.

विंचवाचं बिऱ्हाड निदान पाठीवर असतं.
यांचं लाकडी खोक्यांत,
खोक्यांवर पांढऱ्या रंगात बापाचा नंबर,
तिच्या सायकलच्या दांड्यावरसुद्धा तोच.
"कुठली गं तू?" शाळेत सगळ्याच विचारायच्या
आणि उत्तर संपायच्या आत
दुसरीकडे बघायच्या.
फोर्ट राइली, मग ओमाहा, मग परत फोर्ट राइली...
कोण ऐकणार? प्रत्येकीजवळ
असाच एक पाढा होता.

शुक्रवारी क्लबात नाच.
पैसे कागदाचे, पाच सेंटचीसुद्धा नोट,
भातुकलीतल्या बाजारासारखी.
ज्यूकबॉक्सला नाणं लागायचं, नाणं कुणाकडेच नाही,
म्हणून त्याचं पोट कायम उघडं ठेवलेलं,
हात घालायचा, गाणं लावायचं.
लेव्हर्न पिकेट तिथे तिला उलटी गिरकी शिकवत होती.
अर्धी शिकवून झाली,
मार्चात तिच्या बापाची बदली आली.
धक्क्यावर दोघी रडल्या नाहीत.
बंदराचं गाव, तिथे रोजच कुणीतरी जायचं,
रोज कुठून आणायचं रडू?

तळघरातली भट्टी पेटवायला
पहाटे पाचला हाइको यायचा.
सोळा वर्षांचा, अंगात रंगवलेला लष्करी कोट,
त्याची बटणं वेगवेगळी.
एकदा वीज गेली. अर्डिस टॉर्च शोधत
जिन्याच्या तोंडाशी उभी,
आणि खालच्या मिट्ट काळोखातून
दोन्ही हातांत राखेच्या बादल्या घेऊन
तो वर आला,
पाचवी पायरी न चुकता गाळून.

ती रोज तिथेच अडखळायची.

"तुला कसं ठाऊक?"
तो थांबला. शाळेतलं इंग्रजी जुळवत म्हणाला,
आजोबा दर शरदात म्हणायचे, या वर्षी बसवतो.
मग म्हणाला, ती पायरी, आमची...
की 'आपली' म्हणाला?
त्यांच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द.
मराठीत सांगताना मी इथे अडते.
तीही अडली असावी,
कारण टॉर्च सापडला होता
तरी तिनं तो लावला नाही.

त्या दिवसापासून तीही पायरी गाळू लागली.
हाइकोला काही सांगितलं नाही. संत्रं मात्र ठेवायची,
भट्टीच्या कडेला, गरम होऊ नये इतक्या अंतरावर.
तो सालं ठेवून जायचा, वाळवलेली.
त्यांचा वास कोळशात चांगला येतो म्हणे.

बाप वाईट माणूस नव्हता.
आईचा पाय मुरगळला तसा त्यानं अर्ज केला,
दोन शिपाई आले, रंधा मारलेली फळी,
चार खिळे, वीस मिनिटं.
दुसऱ्या पहाटे हाइको बादल्या खाली ठेवून
त्या फळीकडे बघत राहिला.
बुटाच्या टोकानं दाबून पाहिली. हलली नाही.
मग बादल्या उचलल्या
आणि गाळूनच वर आला.

बावन्नच्या जूनमध्ये पुन्हा यादी.
खुर्च्या सहा. चमचे अकरा.
साखरदाणीचं झाकण फुटलेलं, चाळीस सेंट भरा.
आणि सगळ्यात खाली, शाईनं, हाताने लिहिलेलं:
पायरी, नवी, एक.
सही बापाची.

हाइको तोवर मासळीबंदरात लागला होता.
निरोप घ्यायला ती गेली नाही. जायला हवं होतं का?

धक्क्यावर तेच जहाज आधी रिकामं होत होतं.
उतरणाऱ्यांत एक पोर, नवा कोट, खोक्यांवर नंबर,
तिनं विचारलं, "कसं आहे गं गाव?"
अर्डिस म्हणाली, "मासळीचा वास येतो.
दोन आठवडे.
मग येत नाही."