रिकामे मैल

संध्याकाळी साडेसहाला, विजयनगरच्या चौथ्या मजल्यावर
मी टेनेसीची सकाळ उघडतो,
जसे बाबा लोहामंडीत शटर उघडायचे:
आधी कुलूप, मग उदबत्ती, मग पहिली बिल्टी.
त्यांच्या बोटांना कार्बनची निळाई होती,
आंघोळीनं न जाणारी.
माझ्या बोटांना काहीच लागत नाही.

पडद्यावर भाव उतरत राहतो.
मी लागलो तेव्हा मैलाला तीन डॉलर होता,
आता एक साठ, आणि दलाल त्यातही घासाघीस करतो.
डिझेल तेच, हप्ता तोच, टायर मात्र महाग.
ड्रायव्हर मिळत नाहीत हो, असं कंपनीचे साहेब सांगतात.
त्याच आठवड्यात अकरा जणांनी किल्ल्या टाकल्या;
त्यांची नावं यादीतून मीच पुसली.

डुएनचं अजून होतं.
आर्कान्साचा, अठ्ठावन्नचा, गाडी स्वतःची,
म्हणजे तो तिला 'म्हातारी' म्हणतो
आणि बँक तिला 'तारण' म्हणते.

रात्रीचे अडीच. त्याच्या लारेडोत दुपारचे चार.
गोदामाच्या दारात सात तास उभा,
उभं राहण्याचे पैसे कुणी देत नाही.
गाडीतलं यंत्र तेवढं मोजत असतं:
चौदा तास भरले की थांब म्हणतं,
चाकं फिरलेली असोत वा नसोत.
बाबांचा मिश्रीलाल मानेवर ओलं फडकं टाकून
तीन रात्री जागून गुवाहाटी गाठायचा.
एकदा नाही गाठली.
म्हणून त्या यंत्राला मी शिव्या देतो, पण पुऱ्या नाही.

डुएन म्हणाला, सोमवारी किल्ली बँकेत देतोय.
मग जरा थांबून,
"तुझ्याकडे कुत्री फार भुंकतात रे. डॅलसमध्ये एवढी?"
(डॅलस सांगायचं, अशी ताकीद आहे.
एसी बंद होता, खिडकी उघडी.)
मी म्हटलं, इंदूर.
"कुठंसं आलं हे?"
म्हटलं, मुंबई-आग्रा रस्त्यावर.
त्याला तेवढं पुरलं.
रस्ता सांगितला की ड्रायव्हरला पत्ता कळतो.

पडद्यावर वरच अटलांटा होतं, मैलाला एक नव्वद.
नियमानं तेच घ्यायचं.
खाली, एकविसाव्या ओळीत, फोर्ट स्मिथ,
रंगाचे डबे, एक चाळीस.
तिथून त्याचं घर बावीस मैल.
दलालाशी मी पाऊण तास भांडलो,
बाबा भांडायचे तसा, आईची शपथ तेवढी वगळून,
आणि दहा सेंट वाढवून घेतले.
शेवटची खेप निदान
रिकामी जाऊ नये घरी.

रिसबूड मॅडम विचारतील, अटलांटा का सोडलं.
विचारू देत. त्यांनाही वरून पत्र आलंय:
जानेवारीपासून लोड यंत्रच जुळवणार,
रात्रपाळी निम्मी.
कुठली निम्मी, ते लिहिलेलं नाही.

पाचला उतरलो. देवास नाक्यावर
बाराचाकीच्या पोटाला झोळी बांधून
कुणी झोपलेला, एक पाय बाहेर, चपलेसकट.
गाडीवर पोहेवाला पहिली मिरची चिरत होता,
"भिया, आज लवकर?"
रोजचीच वेळ होती.
डुएनचा ठिपका तेव्हा लारेडोच्या वर
सरकायला लागलेला.

बाबा जागेच असतात.
डोळे मिटूनच विचारतात,
"गाडी भरून गेली?"
"गेली."
"भाडं काय पडलं?"
मी आकडा रुपयांत करून सांगतो.
"मग बरंय की," म्हणतात,
आणि भिंतीकडे कूस वळवतात.