कमी पडतंय

उणे एकतीस. पुरेव्हदोर्ज आडवा झालाय
गाडीखाली, मेंढीच्या कातड्यावर,
आणि मी बॅटरी धरलीय त्याच्यासाठी,
जशी धरू नये तशी.
"माझ्या डोळ्यांत काय शोधतोस? पाइपावर धर."

गाडी जपानची. स्टिअरिंग उजवीकडे.
अकरा वर्षं तिकडे चालली, सहा इथे,
उलानबातरच्या कोळशाच्या धुरात.
सकाळी किल्ली फिरवली की आतून एक बाई
जपानीत काहीतरी सांगते, फार अदबीनं.
काय सांगते, ते या टेकडीवर कुणालाच कळत नाही.
आई तिला रोज उत्तर देते: "बरं बाई."

पिवळा दिवा लागून महिना झाला.
मी त्यावर काळी पट्टी चिकटवली आणि टॅक्सी हाकत राहिलो.
पेट्रोलच्या काट्यावर पट्टी चिकटवता येत नाही.
पाच लिटरची वाट आठ लिटर मागू लागली
तेव्हा पुरेव्हदोर्जकडे गेलो.
तो सैन्यात रणगाडे दुरुस्त करायचा.
त्यानं प्लग काढला, काजळी बोटावर घेतली, हुंगली.
"उपाशी नाही रे ही. अजीर्ण झालंय तिला."

मग कातड्यावर पडल्या पडल्या समजावलं:
"हा सेन्सर धुरात जीभ बुडवून बसतो.
जळून किती हवा उरली, ते चाखतो.
हवा जास्त उरली की वर कळवतो, पेट्रोल कमी पडतंय.
हा अडकलाय तिथेच.
भरलं तरी कमी, सांडलं तरी कमी.
इंजिन बिचारं आज्ञाधारक. ओततंय."

मी काही बोललो नाही.
आमच्या घरात दोन माणसं
आणि पिठाच्या नऊ गोण्या आहेत.
पलंगाखाली साखर, साखरेमागे काड्यापेट्या,
काड्यापेट्यांमागे काय, ते मी विचारत नाही.
एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात दुकानांत नुसत्या फळ्या होत्या.
आई कुपन घेऊन पावाच्या रांगेत उभी,
मी तिच्या अंगरख्याच्या आत, सात महिन्यांचा.
तिचा नंबर आला तेव्हा खिडकी बंद झाली.
एवढंच सांगते ती. पुढचं सांगत नाही.

बावीसचा पाना, वायरीसाठी चिरलेला.
रात्रभर तेल पाजलं होतं, तरी सुटेना.
इंजिन तापवलं. पान्याला नळीचा तुकडा लावला.
पुरेव्हदोर्जनं श्वास धरला, मीही.
कच्.
आटा तुटला की सुटला,
ते कळेपर्यंतचा तो क्षण.
सुटला.

तळहातावर घेतला तर अंगठ्याएवढा,
टोक कोळशासारखं.
नव्याच्या आट्यांना तांब्याचा लेप, टोकाला मात्र नाही;
टोकाला बोटसुद्धा लावायचं नाही.
"गारठ्यात याला चव कळत नाही," पुरेव्हदोर्ज म्हणाला,
"म्हणून याच्या पोटात इवलीशी शेगडी असते.
आधी स्वतः ऊब घेतो, मग खरं बोलतो."

तेवढ्यात आई आली. एका हातात खारट चहाचा थर्मास,
दुसऱ्यात वाफाळती बूझ, शिगोशीग.
पुरेव्हदोर्जनं सात खाल्ली, आठव्याला हात आडवा धरला.
"एवढ्यानं काय होतं," म्हणत तिनं आणखी तीन वाढली.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मग मान खाली घालून तिन्ही खाल्ली,
एकेक करून, चावून.

बर्फावर पडलेला जुना सेन्सर तिनं उचलला,
बाहीनं पुसला, उजेडात धरून पाहिला.
मी म्हटलं, "आई, तो खोटं बोलतो. टाक."
"असू दे," म्हणाली. "लागेल."
आणि अंगरख्याच्या आत ठेवला.

मी किल्ली फिरवली. ती बाई बोलली.
आईनं उत्तर दिलं.
पट्टीखालचा दिवा विझलाय का,
ते मी अजून पाहिलेलं नाही.